डेन्मार्कच्या किल्ल्यात एका रात्रीचे तीनदा पैसे

जन्म साताऱ्यात गेला, त्यामुळे किल्ला म्हटलं की आपोआप मान वर जाते. डेन्मार्कात ही सवय कामाची नाही. त्या देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक टेकडी १७१ मीटरची. आमचा अजिंक्यतारा शहरापासूनच त्याहून उंच उठतो. तिथले किल्ले सपाट शेतात, भोवती पाण्याचा खंदक घेऊन बसलेले. फ्यून बेटावरचा एगेस्कॉव १५५४ सालचा. तळ्यात ओकच्या लाकडांचे खांब ठोकून त्यावर तो उभा केलाय. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण असा जलदुर्ग चित्राबाहेर कधी पाहिला नव्हता.

लेक कोपनहेगनला शिकत होती. तिचं शिक्षण जूनमध्ये संपत होतं, तेव्हा आम्ही दोघांनी जायचं ठरवलं आणि एक रात्र तरी खऱ्या किल्ल्यात राहायचं हा माझा हट्ट होता. तिथे अशी बरीच जुनी वास्तुहॉटेलं आहेत. मनात पहिल्यांदा होता ड्रॅग्सहोल्म. तेराव्या शतकात बिशपने बांधलेला, पुढे राजाचा तुरुंग झालेला. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा तिसरा नवरा बॉथवेल १५७८ मध्ये तिथेच कैदेत मेला. आमच्या तारखेला तिथे खोली नव्हती. मग फ्यूनवरचं दुसरं एक हॉटेल सापडलं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्या माणसांचीही फसवणूकच झाली होती.

फेब्रुवारीत एका नेहमीच्या, मोठ्या बुकिंग ॲपवरून खोली घेतली. दोघांना, न्याहारीसकट, २,३५० क्रोनर. साधारण एकोणतीस-तीस हजार रुपये. पैसे हॉटेलवर पोचल्यावर द्यायचे. ह्यांनी आकडा ऐकून फक्त चहाचा कप खाली ठेवला, बोलले काही नाहीत.

निघायला आठ दिवस असताना, रविवारी दुपारी, त्याच ॲपमध्ये हॉटेलचा निरोप आला. त्याच ॲपमध्ये, हे मी मुद्दाम सांगतेय. अनोळखी नंबरवरून नाही, ईमेलवर नाही. महिन्यापूर्वी मी त्यांना शाकाहारी न्याहारीबद्दल विचारलं होतं आणि त्यांनी छान उत्तर दिलं होतं, त्या उत्तराच्या बरोबर खाली. त्यात माझं नाव, बुकिंग क्रमांक, तारखा, सगळं अचूक. तुमच्या कार्डाची पडताळणी होऊ शकली नाही, बारा तासांत खालच्या दुव्यावर जाऊन ती पूर्ण करा, नाहीतर आरक्षण रद्द होईल. पैसे कापले जाणार नाहीत, फक्त तात्पुरते अडकवले जातील.

एरवी मी असल्या निरोपाला भीक घातली नसती. पण व्हिसाच्या अर्जाला हेच बुकिंग जोडलेलं. ते रद्द झालं आणि विमानतळावर कुणी कागद मागितला तर? ज्यांनी युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी फायली लावल्यात त्यांना ही धास्ती कळेल. बारा तासांतले चार तर मी निरोप न बघताच गेले होते.

दुवा उघडला. पानावर त्याच किल्ल्याचा फोटो, माझं नाव आधीच भरलेलं. मी क्रेडिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे टाकले आणि ओटीपीची वाट बघत बसले. मनात म्हटलं, ओटीपी येईल तेव्हा रक्कम नीट वाचू आणि मगच टाकू.

ओटीपी आलाच नाही. थेट बँकेचा संदेश आला: ३१५ युरो खर्ची पडले.

आपल्याकडे इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलंय की ओटीपी कुणाला देऊ नका. त्यामुळे ओटीपी हाच दरवाजा आणि तो आपल्या हातात, असं डोक्यात पक्कं बसलंय. पण तो नियम देशातल्या व्यवहारांचा. परदेशातल्या कित्येक ठिकाणी कार्डावरचे आकडे टाकले की काम झालं. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू ठेवले होते मीच, प्रवासासाठी म्हणून, दोन दिवस आधी.

आणि आता लाजेची गोष्ट. पानावर लिहून आलं, पडताळणी अयशस्वी, कृपया दुसरं कार्ड वापरा. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी पाकिटातून डेबिट कार्ड काढून दिलं, तेही गेलं. पुन्हा ३१५. दोन्ही मिळून एकसष्ट हजारांच्या आसपास. एकदा फसणं समजण्यासारखं आहे, पण पाच मिनिटांत त्याच दारात दुसऱ्यांदा नारळ घेऊन जाणं? ह्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

लेकीला फोन केला तर ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "आई, डेन्मार्कातलं हॉटेल युरोत पैसे कशाला मागेल?"

खरंच की. डेन्मार्क युरोपीय संघात आहे पण चलन क्रोनर. माझं बुकिंग क्रोनरमध्ये, पडताळणी मात्र युरोत. नंतर तिने त्या निरोपाचा आणि पानाचा फोटो मागवून घेतला आणि आणखी दोन गोष्टी दाखवल्या. डॅनिश लोक हजारांपुढे टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, म्हणजे आपल्या बरोबर उलट. त्या पानावर आपल्यासारखं लिहिलं होतं. दुसरं म्हणजे त्या पानाचा वेबपत्ता. सुरुवातीला ॲपचं नाव अगदी बरोबर, पण त्याच्यापुढे आडव्या रेघा देऊन भलतेच शब्द चिकटवलेले. मोबाईलच्या अरुंद पट्टीत सुरुवातच तेवढी दिसते.

त्यानंतरची चाळीस मिनिटं आम्ही बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागलो. दोन्ही कार्डं बंद केली, १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचपावती घेतली. बँकेला लेखी कळवलं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, त्यात लिहिलं होतं: दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुणाचा, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार शून्य. पण तुम्ही स्वतःच निष्काळजीपणे माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आता मी आकडे टाकले ते निष्काळजीपणाने की हॉटेलच्याच खिडकीतून मागितले म्हणून? ग्राहकाचा दोष सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलीय, हे वाक्य मी अर्जात जसंच्या तसं लिहिलं. क्रेडिट कार्डाचे पैसे तीन महिन्यांनी परत आले. डेबिट कार्डाच्या बँकेने "ग्राहकाने स्वतः तपशील भरला" असं एका ओळीत कळवलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे तो अर्ज पडून आहे.

हॉटेलला दुसऱ्या दिवशी लेकीने डॅनिशमधून फोन केला. नंबर तिने ॲपवरून घेतला नाही. तिथल्या प्रत्येक धंद्याला आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि सरकारी नोंदवहीत तो कुणालाही फुकट बघता येतो. तिथून हॉटेलच्या कंपनीचं नाव-पत्ता ताडून मग फोन. आरक्षण शाबूत होतं, त्यांना कसलीही पडताळणी नको होती. झालं होतं असं की कुणीतरी पाहुणा बनून स्वागतकक्षाला मेल पाठवली, सोबत फाईल जोडली. तिथल्या मुलीने ती उघडली आणि बुकिंग ॲपच्या त्यांच्या खात्याचा पासवर्ड चोरांच्या हाती गेला. मग एकामागून एक सगळ्या येणाऱ्या पाहुण्यांना निरोप. वर्गात मी नेहमी सांगायचे की किल्ले तोफेने पडतात त्याहून जास्त फितुरीने पडतात. इथे तर फितूरही कुणी नव्हता, नुसता एक गाफील दिंडीदरवाजा उघडा राहिला होता.

आम्ही गेलो. कोपनहेगनला रोझेनबोर्ग पाहिला. तो बांधणाऱ्या चौथ्या क्रिश्चनच्याच काळात, १६२० मध्ये, डॅनिशांनी तंजावरच्या नायक राजाकडून जागा घेऊन तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे तंजावरला आपले भोसले आले, तेव्हाही ते तिथेच होते. हे मी ह्यांना दोनदा सांगितलं, दोनदाही ते हो म्हणाले. मग ग्रेट बेल्टची सामुद्रधुनी बोगद्याने आणि पुलाने ओलांडून रेल्वेने फ्यूनला.

खोली किल्ल्यात नव्हतीच. खंदकाच्या अलीकडे, जुन्या धान्यकोठाराचं केलेलं नवं बांधकाम, तिथे. ॲपवर बुरुजाचा फोटो होता आणि खाली बारीक अक्षरात "जोडइमारत". ही फसवणूक म्हणायची की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. डॅनिशमध्ये किल्ल्याला, राजवाड्याला, मोठ्या जमीनदाराच्या गढीलाही "स्लॉट" हाच शब्द चालतो, तेव्हा अशा ठिकाणी खोली घेताना ती नेमकी कुठल्या इमारतीत, हे लेखी विचारून घ्यावं. खोली चांगली होती. रात्री दहालाही उजेड होता आणि खंदकात बदकं फिरत होती.

काउंटरवर २,३५० क्रोनर भरले. हे तिसरे. स्वागतकक्षातल्या मुलीने दहा वेळा माफी मागितली. फाईल उघडणारी तीच होती का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, नाही विचारलं.

परतल्यावर लोकपालाच्या अर्जासाठी तो निरोप ॲपमध्ये शोधला, तर तो ॲपवाल्यांनी काढून टाकलेला. पहिल्याच दिवशी लेकीसाठी फोटो काढून ठेवला म्हणून पुरावा तरी उरला. ॲपमध्ये आता शाकाहारी न्याहारीबद्दलचं हॉटेलचं उत्तर आहे आणि त्याच्याखाली थेट माझं, त्या रविवारी संध्याकाळी सात चोवीसचं: "पडताळणी पूर्ण केली. आठवण करून दिल्याबद्दल मनापासून आभार."