डायनिंग टेबल करून घेतलं त्याचा रिव्ह्यू (कोल्हापुरात नवीन आलेल्यांसाठी)

दसऱ्याला टेबल घरी आलं आणि आता होळी तोंडावर आलीये, म्हणजे पाच महिने वापरून झालं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या. सुताराच्या दुकानाचं नाव देत नाहीये, एक तर त्याला बोर्डच नाही, शिवाय पुढे तक्रारी पण आहेत आणि त्याच माणसाकडून मला अजून चपलांचं कपाट करून घ्यायचंय.

आधी थोडं मागचं. आम्ही डोंबिवलीचे. नवऱ्याला शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी लागली म्हणून जूनमध्ये सामान हलवलं, राजारामपुरीत तळमजल्यावर टू बीएचके मिळाला. डोंबिवलीला आमचा अख्खा फ्लॅट साडेतीनशे स्क्वेअर फूट, तिथे डायनिंग टेबल म्हणजे भिंतीला बिजागरीने लावलेली फळी, जेवताना खाली पाडायची, झालं की वर. इथे नुसता हॉलच सोळा बाय अकरा. पहिल्या रात्री मुलगी मधोमध उभी राहून ओरडली तर आवाज घुमला, तिला मजा वाटली आणि मला टेन्शन आलं की हे सगळं भरायचं कशाने. मग रात्र रात्र जागून फोनवर घरांचे फोटो बघत बसले, सगळी घरं पांढरी, पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, कोपऱ्यात एक झाड आणि माणूस कुठेच नाही, आणि त्या भरात एक सहा जणांचं टेबल ऑनलाइन मागवलं. खुर्च्यांसकट बावीस हजार.

ते सात आठवडे टिकलं.

यात माझी पण चूक आहे हे कबूल करते. जुलैमध्ये पाऊस लागला तो थांबेचना, गॅलरीत कपडे वाळेनात, मग मी ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर आणि टेबलाच्या कडेला टाकायला लागले. टेबल होतं पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात घालून दाबलेला आणि वरून लाकडासारखा दिसणारा कागद. कडेची पट्टी जरा सुटली की आत पाणी जातं आणि मग तो भुसा पोह्यासारखा फुगतो, एकदा फुगला की परत बसत नाही. ऑगस्टमध्ये एका कोपऱ्याला असा फुगा आला की त्यावर ठेवलेली वाटी आपोआप सरकायला लागली. कंपनीला फोन केला तर म्हणे पाण्याने खराब झालं तर वॉरंटी नाही. डायनिंग टेबलाला पाणी लागणार नाही तर काय लागणार!

त्या दिवसांत इथली सगळी माणसं फुटांत बोलत होती. शेजारच्या काकू सकाळी दूध घेताना विचारायच्या, "आज किती फुटांवर गेलं ओ?" मला वाटलं कुणाच्या बांधकामाचं चाललंय. मग कळलं की राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसांना हे आकडे पाठच आहेत. आमच्या भागात पाणी येत नाही पण काकूंच्या बहिणीकडे सुतारवाड्यात येतं, तिने खालच्या खोलीत उचलता येणार नाही असं एकही फर्निचर ठेवलेलं नाही. नवीन येणाऱ्याने फ्लॅट बघताना "इथे पाणी कुठवर आलं होतं" हे आधी विचारा, पडद्यांचं नंतर.

पडद्यांचं सांगायचं तर इचलकरंजीहून मांजरपाट आणलं, स्वस्तात मस्त म्हणून शिवून लावलं, न भिजवता. पहिल्याच धुण्यात चार इंच आखडलं. आता पडदे खिडकीच्या खालच्या कडेच्या वरच थांबतात, शाळेचा युनिफॉर्म लहान झालेल्या मुलासारखे दिसतात.

तर टेबल नाही, मग आम्ही चटईवर नाहीतर बाहेर जेवत होतो. जवळच एक खानावळ आहे, नाव सांगणार नाही कारण आधीच जागा मिळत नाही. पहिल्या दिवशी नवऱ्याने पांढरा रस्सा भातावर ओतला तर वाढणाऱ्या काकांनी दुसरी वाटी आणून ठेवली, "ह्यो प्यायचा असतोय पावणं." मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. दिसायला गरीब पण घशातून उतरताना कळतो. तांबड्यात कांदा-लसूण चटणी आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण, आणि दोन्ही रस्से मागाल तितके. २०१९ च्या शेवटी इथे मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं म्हणतात त्यात मला आता काही नवल वाटत नाही, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग बघा एकदा. मिसळीबद्दल एकच, इथे पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात, सुरुवातीला मला ते आजाऱ्याचं खाणं वाटलं, पण कट त्यातच नीट मुरतो. आणि रात्री जेवून गंगावेशीत गेलो की म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून ग्लासात देतात. मुलीने पहिल्यांदा प्यायलं आणि म्हणाली गरम का आहे, गॅस कुठाय?

टेबल करायला सुतार मिस्त्री शेजारच्या काकूंनीच सुचवले. मी फोनमधला फोटो घेऊन गेले, पाच फूट बाय अडीच फूट, बारीक पायांचं, पांढरं. त्यांनी फोटो बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "वैनी, ताट आणलंय का?"

कसलं ताट?

"जेवायचं. घरातलं सगळ्यात मोठं."

परत घरी जाऊन ताट आणलं. रुखवतातलं स्टीलचं, चौदा इंची. मिस्त्रींनी ते एका प्लायवर ठेवलं, कानावरची पेन्सिल काढून भोवती गोल मारला, समोर दुसरा गोल मारला आणि मधल्या जागेवर पंजा ठेवला. मग मला हिशोब समजावला. दोन बाजूंची दोन ताटं म्हणजे अठ्ठावीस इंच, मध्ये भाकरीची टोपली आणि रस्स्याचं पातेलं ठेवायला दहा, झाले अडतीस. "तुमच्या फोटूतलं तीस इंची हाय. ताटाला ताट भिडतंय. पातेलं काय मांडीवर घ्येणार?" मग नवऱ्याला स्टुलावर बसवलं, भाकरी मोडल्यासारखं करा म्हणाले आणि एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत टेप लावला. एका माणसाला दोन फूट, एका बाजूला तीन माणसं, म्हणून लांबी सहा फूट. खुर्ची मागे सरकवून उठायला भिंतीपासून तीन फूट सुटतात का ते पण त्यांनीच विचारलं. उंची साधारण तीस इंच असते, त्यांनी एकोणतीस केली, हाताने खाणाऱ्याला टेबल जरा खाली लागतं म्हणे. हे बरोबर आहे, पाच महिन्यांनी सांगतेय, खांदे उचलावे लागत नाहीत.

एवढ्या रात्री फोटो बघितले पण ताटाचं माप कुणी सांगितलं नव्हतं.

लाकूड जुनं सागवान घेतलं. पाडलेल्या वाड्यांचे वासे, दारं विकणारी वखार त्यांच्या ओळखीची. नवीन सागवान महाग आणि नीट वाळवलेलं नसेल तर पहिल्या पावसातच वाकतं. हे आधीच इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन बसलेलं. "आता काय हलतंय व्हय त्ये?" फक्त त्यात खिळे असतात. मिस्त्रींनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलंय, ते फळीवरून हळूहळू फिरवत नेतात, जिथे खाली ओढ घेतं तिथे खडूची फुली. आमच्या तीन फळ्यांत मिळून एकोणीस फुल्या झाल्या. मुलीने मोजल्या. काही भोकं त्यांनी लाकडाचा भुसा आणि गोंदाने बुजवली, काही मी राहू द्या म्हटलं. हा माझा हट्ट, त्याचं फळ पुढे सांगते.

पाय लाकडाचे नको म्हणाले, तळमजला आहे, फरशी पुसताना रोज पाणी लागणार, उद्यमनगरात जा. शिवाजी उद्यमनगर आमच्या घरापासून जवळच, गल्लीबोळांत नुसती लेथ, वेल्डिंग आणि ग्राइंडरची दुकानं, चहा पिताना पण ओरडून बोलावं लागतं. दोन इंची चौकोनी पाइपची फ्रेम, वर काळं पावडर कोटिंग, खाली उंची कमीजास्त करायचे बोल्ट. सकाळी माप दिलं, वेल्डिंग संध्याकाळी तयार, कोटिंग होऊन तिसऱ्या दिवशी टेम्पोत. चार हजार आठशे. या माणसाला पाचपैकी पाच, नवरा अजून त्याची तारीफ करतोय कारण तो फाउंड्रीवाला, त्याला लोखंडाचं सगळंच आवडतं.

आता मिस्त्रींचं. "गणपतीच्या आत देतो" हा शब्द होता. फ्रेम कितीतरी दिवस हॉलमध्ये नुसती उभी, आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत टाकत होतो. फोन केला की उचलायचेच नाहीत, स्वतः गेलं की चहा पाजायचे, त्यामुळे भांडताही यायचं नाही. मग कळलं की मिस्त्री मंडळाचा देखावा करताहेत. त्या दिवसांत मी कुंभार गल्लीत कुंड्या आणायला गेले होते तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे मूर्ती, एकाने मला मूर्तीच्या हाताखालून वाकून जायला लावलं आणि कुंडी विचारली तर "आता कुंडी?" असं बघितलं की मीच ओशाळले. म्हणजे गणपतीत कोल्हापुरात दुसरं काही काम होतं ही समजूतच चुकीची. पण मग तारीख द्यायची नाही ना! विसर्जन झालं, नवरात्र बसलं, त्र्यंबोलीची यात्रा झाली. "दसऱ्याला टेबलावर जेवायचं बघा."

आणि दसऱ्याला सकाळी खरंच आणलं. पॉलिश पूर्ण न वाळलेलं. आठवडाभर घरात असा वास की श्रीखंड पण पॉलिशचं लागत होतं. बाकडं (एका बाजूला खुर्च्यांऐवजी बाकडं करून घेतलंय, मुलं चार बसतात) एका पायाने डुगडुगत होतं, ते नीट करायला अजून तीन चकरा. निम्मे पैसे आधी घेतले होते ते ठीक, पण मधेच "लाकडाला लागतात" म्हणून अजून दोन हजार मागितले आणि मी दिले. देऊ नका. टेबलाचा वरचा भाग आणि बाकडं मिळून साडेचौदा हजार, पाय आणि टेम्पो धरून वीसच्या आत बसलं, खुर्च्या त्या ऑनलाइनवाल्याच वापरतोय, त्या मात्र चांगल्या निघाल्या.

संध्याकाळी दसरा चौकातून सोनं लुटून आलो तर काकू पांढऱ्या रस्स्याचा डबा घेऊन दारात. टेबलावरून हात फिरवला, खालून पण फिरवला, "रंधा चांगला मारलाय" म्हणाल्या. ठाण्याची नणंद आलेली होती, ती म्हणे आता मागच्या भिंतीवर एक कोल्हापुरी चपलांचा जोड फ्रेम करून लाव, एकदम एस्थेटिक दिसेल. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "पायातलं भिंतीवर? आणि जेवायच्या समोर?" भिंत अजून रिकामी आहे.

पाच महिन्यांनंतर: फळ्या वाकल्या नाहीत, सांधे उघडले नाहीत. गरम पातेलं डायरेक्ट ठेवलं तिथे पॉलिशवर पांढरट गोल उठलाय, खाली काहीतरी ठेवत जा. आणि ज्या खिळ्यांच्या भोकांसाठी मी हट्ट केला त्यांत तांबड्या रस्स्याची तर्री जाऊन बसलीये, टूथपिकने निघत नाही. मिस्त्री म्हणाले होते काच टाका, मी म्हटलं काच टाकली तर लाकूड कशाला घेतलं, आता कुणाचं बरोबर होतं ते ठरवत बसलोय. काम पाचपैकी साडेचार, तारीख पाचपैकी शून्य.

पत्ता हवा असेल तर मेसेज करा. जाताना मोठ्यातलं मोठं ताट घेऊन जा आणि गणपती-दिवाळी सोडून जा.