पायवाट बांधली पोरांनी, ती निघाली रिसॉर्टची

मुलांच्या शिबिराबद्दल कोणी ‘सीट स्पॉन्सर्ड आहे, तुम्ही फक्त नोंदणी भरा’ असं सांगत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. नाशिकमधल्या बऱ्याच घरांना यात गंडवलं गेलंय. आणि गंमत म्हणजे शिबिर झालं. बस वेळेवर आली, तंबू होते, जेवण बरं होतं, मुलं खूश होऊन घरी आली. त्यामुळे कोणाला चटकन संशयही येत नाही.

गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये पालकांची बैठक झाली. बोलणारा पस्तिशीचा, पायात ट्रेकिंगचे बूट (एसी हॉलमध्ये!), जिभेवर साखर. सातपूर एमआयडीसीतली एक मोठी कंपनी म्हणे सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेल्या पैशातून, दर मुलामागे १४ हजार देते. पालकांनी ४ हजार नोंदणी आणि अडीच हजार अनामत भरायची, अनामत शिबिरानंतर परत. मुलं आंजनेरीच्या जंगलात राहणार, सकाळी वनविभागासाठी पायवाटांची डागडुजी करणार, दुपारी नकाशावाचन, दोराच्या गाठी, प्रथमोपचार. ‘परदेशातल्या कॉलेजांना असलं काम फार आवडतं’ हेही सांगून झालं. पत्रकावर आंजनेरीच्या कंदीलपुष्पाचा, सेरोपेजिया अंजनेरिकाचा, फोटो होता आणि मुलांना ते दाखवणार असं आश्वासन. ते फुलतं पावसाळ्यात. मे महिन्यात जमिनीखाली नुसता कंद असतो.

पैसे घेतले एका माणसाच्या खासगी यूपीआयवर, कारण संस्थेचं खातं ‘ऑडिटमुळे तात्पुरतं बंद’. निघायच्या आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज आला: आंजनेरी संवर्धन राखीव असल्याने परवानगीला वेळ लागतोय, शिबिर घोटी-वैतरणा बाजूला हलवलंय, तिकडेही जंगलच आहे. बसमध्ये बसताच मुलांचे मोबाईल गोळा केले. ‘डिजिटल डिटॉक्स’ म्हटल्यावर आया-बापांना भारी कौतुक. आपण नेमके कुठे आहोत हे एकाही मुलाला घरी कळवता येऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. फोटो यायचे ते आयोजकाकडूनच, आणि सगळे जवळून काढलेले.

माझी मुलगी परतली ती तळहाताला फोड घेऊन, पण ऐटीत. ‘बाबा, पहार कशी धरतात माहितीये का तुम्हाला?’ मग दगडांची घमेली हातोहात कशी दिली, कोणाच्या पायावर दगड पडता पडता कसा वाचला, आणि मिस्त्रीकाका नळीत पाणी भरून लेव्हल कशी बघायचे, हे सगळं तिने साभिनय सांगितलं. डोंगरातल्या पायवाटेला लेव्हल बघायला मिस्त्री कशाला लागतो, हा प्रश्न मला तिथेच पडला.

आमच्या सोसायटीतले एक काका रविवारी गडांवर टाक्यांतला गाळ काढायला जातात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी एकच फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. इगतपुरी-घोटी पट्ट्यात पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास. अशा उतारावर वाट सरळ खाली नेली तर एका पावसाळ्यात तिचा ओढा होतो. म्हणून ती वळणं घेत न्यायची, अधूनमधून दगडांची तिरकी आडवी ओळ रोवून पाणी दरीच्या बाजूला काढून द्यायचं, आणि पायरीचा दगड लांब बाजूने डोंगरात घुसवायचा, म्हणजे सिमेंटशिवाय बसतो. फोटोत सिमेंटमध्ये बसवलेल्या सरळसोट पायऱ्या होत्या. कडेला पांढरे पट्टे, आणि काही पायऱ्यांआड जमिनीतून वर आलेला प्लास्टिकचा पाईप. ‘ही दिव्यांची वायरिंग,’ काका म्हणाले. ‘जंगलात लाईट कोण लावतंय?’

आम्ही काही पालक गाडी काढून तिथे गेलो. गेटवर पाटी लागायची होती. आत स्विमिंग पूलचा खड्डा, शेजारी निळ्या टाइल्सचे खोके, आणि पार्किंगपासून पूलपर्यंत आमच्या पोरांच्या पायऱ्या. वॉचमन भाबडा होता. म्हणाला, ‘पोरं लई गुणी होती. मजूर मिळंना झालते, लगीनसराई ना.’ मालकाला फोन लावला, तर तो उलट आमच्यावरच चिडला. त्याने आयोजकाला कामाचे पैसे मोजले होते, वर जागा आणि जेवणही दिलं होतं. गावातून गट नंबर मिळाला, तिथेच उभं राहून महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या वेबसाइटवर टाकला. सातबाऱ्यावर खासगी मालकी, भोगवटादार वर्ग १. वनहद्द दाखवणारा दगडी बुरूज ओढ्यापलीकडे होता.

त्या कंपनीच्या सीएसआर विभागाला मेल केला. त्यांनी या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं. हे आधीच तपासता येतं: मंजूर सीएसआर प्रकल्प कंपनीला आपल्या वेबसाइटवर टाकावे लागतात, आणि ज्या संस्थेमार्फत पैसा खर्च होतो तिच्याकडे सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो मागा. ट्रेकिंगसारखे साहसी उपक्रम घेणाऱ्यांना २४ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, ते प्रमाणपत्र मागा. पण माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न जमिनीचा आहे. पायवाट कुठल्या गटात आहे? वनविभागाची असेल तर परवानगीचं पत्र कुठे आहे? ते पत्र घेऊन त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक चक्कर मारा. खरी संस्था ते पत्र मागण्याआधी दाखवते. बनवाबनवी करणारा ‘सर, विश्वास नाही का?’ असं विचारतो.

अनामत अर्थातच परत आली नाही. ‘साहित्याचं नुकसान’ म्हणून ती कापली. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘शिबिर झालं ना? मग फसवणूक कसली?’ ग्रुपमध्ये आठवीतली, १४ पूर्ण न झालेली मुलंही होती. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाल्यापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावता येत नाही. तो मुद्दा लिहून, सातबारा आणि रिसॉर्टमालकाचं म्हणणं जोडून दिल्यावर अर्जाकडे बघण्याची नजर बदलली. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयचे स्क्रीनशॉट, पत्रक आणि ग्रुपवरचे मेसेज मात्र जपून ठेवा. आमचा ग्रुप आयोजकाने एका रात्रीत उडवला, आणि चॅट ज्यांनी आधी एक्सपोर्ट केलं होतं त्यांच्याच भरवशावर बाकीचे आहेत.

सध्या हाच माणूस दिवाळीच्या सुट्टीसाठी ‘गडसंवर्धन शिबिर’ घेऊन फिरतोय. संस्थेचं नाव नवं, फोटो तेच, त्यात आमच्या पोरांचेही. या वेळी जागा पेठ रस्त्याकडची सांगतात आणि अनामत साडेतीन हजार झालीये.