आठ महिने स्मोक टेस्टर वापरल्यावर: ऑक्टेव्हिया आरएसचं बिघडलेलं आयडलिंग आणि बेबी ऑइल

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मी ऑनलाइन एक स्मोक टेस्टर मागवला. साडेसात हजारांचा लाल पत्र्याचा डबा, वर दाबाचा काटा, बाजूला उभी काचेची नळी आणि तिच्यात वाटाण्याएवढी गोळी. आत तेल तापवून धूर करायचा, तो इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडायचा आणि कुठून बाहेर येतोय ते बघायचं. काम एवढंच. घेताना मला वाटलं होतं, डबा लावला की रोग कळणार. तसं होत नाही, आणि ते समजायला मला दोन महिने लागले.

आधी गाडी. २००५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १७८१ सीसी, चार सिलिंडरना वीस व्हॉल्व्ह, टर्बो, मूळची १५० पीएस. माझ्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते, आणि मी तिला स्वस्थ बसू दिलं नाही. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं), पुढे टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, सिलिकॉनचे होज, टर्बोमागचा मोठा डाउनपाइप आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, वाफेतलं तेल अडवायला एक कॅच कॅन. बसवलं बहुतेक मीच. रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोबाइलचा टॉर्च दातात धरून.

थंड असताना गाडी शहाण्यासारखी चालायची. गरम झाली की सिग्नलला, म्हणजे आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू), फेऱ्यांचा काटा आठशेवर ठरेना. साडेसहाशेला घसरायचा, स्टिअरिंग थरथरायचं, मग अकराशेवर उडी, परत खाली. दर तीन-चार सेकंदांनी हाच खेळ. नळ स्टॉपला दोनदा बंद पडली. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “एवढा आवाज करता, आणि बंद पडता होय?” उत्तर नव्हतं.

गॅरेजवाल्या दादांनी थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, साफ केली. प्लग बदलले. एक कॉइल बदलली. दुसरे म्हणाले, “साहेब, एअर फ्लो मीटर गेलाय, नवा टाका.” म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर. तिसऱ्यांनी “कुठूनतरी हवा घेतेय” असं अचूक निदान केलं आणि कार्ब क्लीनरचा, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या स्प्रेचा, कॅन घेऊन होजवर फवारे मारू लागले. तापलेल्या टर्बोच्या वीतभर अंतरावर! मी हात धरला. उदबत्ती फिरवून धूर कुठे ओढला जातो ते बघण्याचा मूर्खपणा मी स्वतः घरी करून बसलो होतो. रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि धूर माझ्याच डोळ्यांत. शिवाय पेट्रोलच्या वासात निखारा घेऊन फिरायचं, हे आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

शेवटी लॅपटॉपला व्हीसीडीएस (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं साधन) जोडून आकडे बघितले, आणि हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. मेजरिंग ब्लॉक ३२ मध्ये दोन आकडे दिसतात: पहिला आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा. कॉम्प्युटर आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, ते त्यात कळतं. माझा पहिला आकडा अधिक साडेआठ, दुसरा अधिक एक. कोड आला होता १७५४४, म्हणजे आयडलला मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आकड्यांची ही जोडी बोलकी आहे. आयडलला हे इंजिन सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा घेतं, रस्त्यावर जोर लावला की शंभराच्या पुढे. अर्धा ग्रॅम चोरून आत शिरला तर तिनात तो मोठा वाटा, शंभरात चिल्लर. एअर फ्लो मीटर बिघडला असता तर दुसरा आकडाही चढला असता. म्हणजे मीटरचे पैसे वाचले, टेस्टरची किंमत तिथेच निघाली. अर्थात ते श्रेय लॅपटॉपचं.

आता थंड असताना का बरी चालायची? थंड इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम पेट्रोल जास्त देतो आणि ऑक्सिजन सेन्सरचं (जळून बाहेर पडणाऱ्या वायूंतला ऑक्सिजन मोजणाऱ्याचं) म्हणणं अजून ऐकत नसतो. त्या जादा पेट्रोलात चोरटी हवा खपून जाते. गरम झाल्यावर हिशोब सुरू होतो: मोजलेली हवा एक, प्रत्यक्षातली दुसरी. कॉम्प्युटर थ्रॉटल उघडतो, मिटतो, इग्निशन पुढे-मागे करतो, पेट्रोल वाढवतो, आणि यातलं प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या मागे धावत असतं. काटा नाचतो तो म्हणून.

टेस्टरसाठी बेबी ऑइल लागतं. औषधाच्या दुकानातल्या काकांनी मोठी बाटली काढून देत विचारलं, “मुलगा की मुलगी?” मी म्हणालो, ऑक्टेव्हिया. ते हसले नाहीत.

पहिल्या रविवारी एअर फ्लो मीटरच्या पुढचा पाइप सोडवला, रबरी शंकू घट्ट बसवला आणि धूर सोडला. मीटरमधून धूर पाठवू नका. आतल्या तापत्या फिल्मवर तेल बसलं की नवं दुखणं विकत घेतलंत समजा. मिनिटभर काही नाही. मग इंटरकूलरच्या खालच्या जोडापाशी दुधावरची वाफ निघावी तशी एक बारीक रेघ उठली. मीच बसवलेली होज क्लिप, तिरकी. दुसरी गळती थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटला. साफ करून परत बसवताना गॅस्केट जुनंच वापरलं गेलं होतं. तेवढ्यात धुराचा लोट पार्किंगभर पसरला आणि सोसायटीचे सेक्रेटरी काका पाण्याची बादली घेऊन धावत आले. त्यांना गोळी दाखवली, तत्त्व समजावलं. त्यांनी बादली खाली ठेवली नाही.

क्लिप सरळ केली, गॅस्केट नवं टाकलं, ब्लॉक ६० मध्ये कॉम्प्युटरला झडपेच्या जागा परत शिकवणारं थ्रॉटलचं अ‍ॅडॅप्टेशन करून घेतलं. पहिला आकडा साडेआठवरून सहावर आला. म्हणजे थ्रॉटलच्या अलीकडची नव्हे, पलीकडची चोरी अजून चालूच होती. इंटरकूलरची गळती आयडलला फारशी दोषी नव्हतीच, तिने बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, खाल्ला असेल. परत धूर सोडला, कुठेच काही नाही. गोळी तळाशी, म्हणजे गळती नाही. गाडी हवाबंद, आणि सिग्नलला काटा नाचतोच आहे! इथे मी डबा परत करायला निघालो होतो.

चूक डब्याची नव्हती. टर्बो इंजिनात मॅनिफोल्डकडून (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाकडून) ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरकडे आणि क्रँककेसकडे जाणाऱ्या नळ्यांत एकमार्गी व्हॉल्व्ह असतात. आयडलला मॅनिफोल्ड ओढतो तेव्हा ते उघडे, बूस्ट चढला की बंद. आपण धूर दाबाने सोडतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या दृष्टीने बूस्टच. ते मिटतात आणि त्यांच्या पलीकडे धूर जातच नाही. गाडी चालू असताना मात्र तिथूनच हवा ओढली जाते. मग धूर उलट्या बाजूने सोडला: ऑइल फिलरच्या तोंडाला अ‍ॅडॅप्टर लावून थेट क्रँककेसमध्ये. वीस सेकंदांत कॅच कॅनच्या झाकणाभोवती पांढरी कडी उभी राहिली. झाकणाची ओ-रिंग काढून बघितली तर एका जागी चपटी आणि तुटलेली. दोन वर्षांपूर्वी तेल ओतून टाकताना घाईत चिमटली असणार, म्हणजे मीच. नवी ओ-रिंग नाना पेठेत मिळाली, चहाच्या किमतीत. पहिला आकडा आता अधिक एकच्या आसपास असतो. काटा आठशेवर, एसी लावला की क्षणभर दचकतो आणि थांबतो.

ब्रेक बूस्टरचा पडदा फाटला असेल तर तो याच कारणाने मॅनिफोल्डकडून धूर सोडून दिसणार नाही. त्या नळीला चिमटा लावून आयडल बदलतं का ते बघणं जास्त सोपं.

आता डब्याविषयी. धूर भरपूर आणि दाट. दाब कमी ठेवायचा, अर्धा ते एक पीएसआय. जुन्या प्लॅस्टिकला तेवढंच सोसतं. पण त्यामुळे दहा-बारा पीएसआयला उघडणारी बूस्टची गळती यात सापडत नाही, त्यासाठी हवा भरून वेगळी चाचणी करावी लागते. काचेतली गोळी मला दाबाच्या काट्यापेक्षा विश्वासू वाटली. वर तरंगली तर गळती आहे, खाली बसली तर नाही. काटा शून्यावर कधीच परत येत नाही. बॅटरीच्या चिमट्यांचे रबर तिसऱ्या महिन्यात वितळले, मी बदलून घेतले. सोबत आलेला फुगा दुसऱ्या वापरात फुटला, शंकू मात्र उत्तम. सायलेन्सरमधून थोडा धूर आला तर घाबरू नये; एखादा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतोच, ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना, धूर पुढे निसटतो. ही गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता आली असती. माहितीपत्रकच नव्हतं.

एका मित्राच्या टर्बो हॅचबॅकवर अख्खा रविवार घालवला, धूर कुठेच नाही. शेवटी कॉइल निघाली. आकडे आधी बघितले असते तर मिसफायर (सिलिंडरात पेट्रोल न पेटणं) मोजणारा ब्लॉक दहा मिनिटांत बोलला असता. मी स्वतःच्या गाडीवर शिकलेलं तिथे विसरलो. त्या दिवसानंतर माझा नियम आहे: पहिला आकडा अधिक पाचच्या खाली असेल तर डबा कपाटातून काढायचा नाही.

रंगाच्या पत्र्याच्या डब्यात सोल्डरिंग आयर्न खुपसून घरी बनवलेले टेस्टरही मी पाहिले आहेत. चालतात. पण त्यात तेल किती तापतंय यावर कुणाचाच ताबा नसतो, आणि माझ्या पार्किंगमध्ये आता सेक्रेटरी काका दर रविवारी खुर्ची टाकून बसतात. बादली शेजारी.