कम्युनिटी कॉलेज की थेट आर्ट स्कूल? कॅलिफोर्नियात डिझाइन शिकणाऱ्यांसाठी

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मी दोन्हीकडे शिकलोय, आधी एका खासगी आर्ट स्कूलमध्ये एक सेमिस्टर आणि मग साउथ बेमधल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये (म्हणजे स्वस्तातलं, सहसा दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ग्राफिक डिझाइन, जे पूर्ण केलं. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत किंवा कोणाकडे जेवायला गेलं की ‘कम्युनिटी कॉलेज की आर्ट स्कूल’ हा प्रश्न हमखास येतो. कोणाची मुलगी ट्वेल्थ ग्रेडला असते आणि तिला इलस्ट्रेशन करायचं असतं, कोणी माझ्यासारखं एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेलं असतं आणि हातात वेळ आहे तर काहीतरी मनापासून शिकावं असं वाटत असतं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

फीचं गणित सगळ्यांना माहीत असतं, कम्युनिटी कॉलेजात रेसिडेंटला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला, युनिटमागे ४६ डॉलर (एक क्लास साधारण तीन युनिटचा) आणि आर्ट स्कूलला नुसती ट्यूशन वर्षाला ५० हजारांच्या पुढे, त्यात वेगळं काय सांगणार. पण फक्त फी बघून ठरवू नका असं मी म्हणेन, कारण फीमुळे कम्युनिटी कॉलेजला आलेले बरेच जण पहिले काही महिने मनातून नाराज असतात, आपण कमी दर्जाचं काहीतरी घेतोय असं त्यांना वाटत राहतं, आणि ते तसं नाहीये.

शिकवण्यापासून सुरू करतो. पहिल्या वर्षाला दोन्हीकडे जवळजवळ तेच असतं, ड्रॉइंग, टू-डी डिझाइन, कलर, आर्ट हिस्टरी. आपण शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते, तांब्या आणि त्याच्या बाजूला घडी पडलेलं फडकं काढायचं, रेषा स्वच्छ, शेडिंग मऊ, कागदाला डाग नको. इथे पहिल्याच आठवड्यात अख्खा कागद चारकोलने काळा करायला लावतात आणि मग खोडरबराने त्यातून उजेड बाहेर काढायचा. माझी इतक्या वर्षांची सवय मोडायला बराच काळ गेला, पण वस्तूची कड सोडून तिच्यावर पडणारा उजेड बघायचा असतो हे मी त्यातच शिकलो. आणि गंमत बघा, हाच व्यायाम मला दोन्हीकडे मिळाला. कारण शिकवणारेही पुष्कळदा तेच असतात. इथे पार्ट-टाइम शिकवणाऱ्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात, सकाळी एका कॉलेजात, संध्याकाळी दुसऱ्या, मधला वेळ गाडीत. फिगर ड्रॉइंगला ज्या बाई मला कम्युनिटी कॉलेजात होत्या त्या संध्याकाळी एका महागड्या आर्ट स्कूलमध्ये हाच विषय शिकवायच्या. तीस सेकंदांच्या पोझवरून त्या जितकं बोलायच्या तितकं तिकडेही बोलत असणार असं मी धरून चालतो.

आता माझा निर्णय ज्यावरून झाला ती गोष्ट. आर्ट स्कूलमध्ये अर्ज करतानाच मेजर, म्हणजे मुख्य विषय, लिहायचा होता, मी ग्राफिक डिझाइन लिहिलं. क्लास चांगले होते, शिक्षक चांगले होते, तक्रार काहीच नव्हती. पण माझ्या वर्गाकडे जाताना वाटेत प्रिंटमेकिंगचा स्टुडिओ लागायचा, दार उघडं असायचं, शाईचा वास यायचा, दोरीवर ओले प्रिंट वाळत घातलेले असायचे, आणि मला वाटायला लागलं की ह्यातला एक क्लास तरी करावा. एकच, बाकी सगळं आहे तसं. तर ते शक्य नव्हतं. इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचे जादा क्लास, तिसऱ्या वर्षापासून, त्याआधी हवं असेल तर मेजर बदला. बरं, बदलतो म्हटलं तर काय होईल ते विचारायला गेलो आणि ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहिलो. अ‍ॅडव्हायझर म्हणाले रजिस्ट्रारला विचारा, रजिस्ट्रारकडे म्हणाले फायनान्शियल एडवाल्यांना विचारा, तिथे कळलं की स्कॉलरशिप मेजरला बांधलेली आहे. आणि सगळ्यात जास्त डोक्यात गेलेली गोष्ट म्हणजे मी जो ड्रॉइंगचा क्लास करत होतो तो डिझाइनवाल्यांचा ड्रॉइंग क्लास होता, प्रिंटवाल्यांचा वेगळा, त्यामुळे तो परत करावा लागणार. तोच मॉडेल, तोच चारकोल, तेच ड्रॉइंग, पण एका मेजरला चालतं आणि दुसऱ्याला नाही. का, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. कोणी वाईट वागलं असं नाही, सगळे हसून बोलत होते, पण मला कळलं की इथे मी काय होणार हे मी फॉर्म भरतानाच ठरवून टाकलंय, आणि तेव्हा तर मी नीट एक रेष ओढायलाही शिकलो नव्हतो.

काही जणांना ही फार छोटी गोष्ट वाटेल, आणि ज्याचं आधीच पक्कं ठरलेलं आहे त्याच्यासाठी ती छोटीच आहे. माझ्यासाठी नव्हती. कम्युनिटी कॉलेजात पुढच्या टर्मला मी टायपोग्राफी घेतली, स्क्रीन प्रिंटिंग घेतलं आणि सिरॅमिक्स घेतलं, कोणाची परवानगी लागली नाही. सिरॅमिक्समध्ये मन रमलं नाही, ते तिथेच सोडलं, एका क्लासची फी आणि एक टर्म एवढंच गेलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये मात्र मी देवनागरी अक्षरांचं एक पोस्टर केलं आणि क्रिटिकच्या दिवशी, म्हणजे सगळ्यांसमोर कामावर चर्चा होते त्या दिवशी, ते भिंतीवर लावलं. सरांना देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते पोस्टरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले की वरची आडवी रेष सगळीकडे सारख्या जाडीची आहे पण खालच्या मोकळ्या जागा सारख्या नाहीत, इथे दाटलंय, इथे भोक पडलंय. शिरोरेखेखालच्या जागेकडे मी जन्मात असं बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी अक्षरांच्या कामाकडे वळलो आणि आज पोट त्याच्यावरच चालतं. आधीच्या ठिकाणी राहिलो असतो तर तिथपर्यंत पोचलो असतो का, कदाचित हो, पण तिसऱ्या वर्षी.

वर्गातली माणसं हा पण मोठा फरक आहे. आर्ट स्कूलमध्ये सगळे साधारण एका वयाचे, सगळ्यांचे पोर्टफोलिओ एकाच तऱ्हेने घडवलेले. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात माझ्या एका बाजूला रिटायर झालेली नर्स, दुसऱ्या बाजूला हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा क्लास करायला (ड्युअल एनरोलमेंट) आलेला मुलगा, आणि मागे एक काका जे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवत आले होते. त्या काकांच्या ब्रशकडे बघून मी जितकं शिकलो तितकं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पण दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर ही जाहिरात होईल. आर्ट स्कूलमध्ये रात्री उशिरापर्यंत लॅब उघडी असायची आणि रात्री दोनला पण शेजारी कोणीतरी काम करत बसलेलं असायचं, त्याचा एक धक्का असतो, आपोआप काम वाढतं. ते मी नंतर खूप मिस केलं. कम्युनिटी कॉलेजात रात्री लॅब बंद, वीकेंडला बहुतेक बंद, स्वतःची जागा नाही, कपाट मिळालं तर नशीब. अ‍ॅडव्हान्स्ड क्लासला पुरेशी मुलं आली नाहीत की क्लासच रद्द होतो आणि मग तुमचं अख्खं वेळापत्रक कोसळतं. शिवाय एक नियम आहे जो लोकांना उशिरा कळतो, २०१३ पासून पास झालेला स्टुडिओ क्लास सहसा परत घेता येत नाही, त्यामुळे सिरॅमिक्सच्या चाकावर वर्षानुवर्षं बसायचं असेल तर बिगिनिंग, इंटरमिजिएट अशा पायऱ्या संपल्या की थांबावं लागतं. आणि कंपन्या येऊन पोर्टफोलिओ बघतायत असं इथे फारसं होत नाही, ते सगळं स्वतः दारोदार जाऊन करायचं.

म्हणून ज्या मुलाला लहानपणापासून गाड्याच काढायच्या आहेत आणि कार डिझाइनच करायचं आहे त्याने पासाडिनाच्या आर्टसेंटरचा विचार जरूर करावा, कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचं वेड असेल तर कॅलआर्ट्सचा. तिथल्या ओळखी आणि तो माहोल कम्युनिटी कॉलेज देऊ शकत नाही, हे मान्य. फक्त मुलगा पंधरा-सोळाचा असताना ते वेड त्याचं आहे की आपलं, हे घरात शांतपणे बोलून घ्या.

अजून एक गोष्ट जी आधी कोणी विचारात घ्यायचं नाही पण आता घ्यावी असं मला वाटतं. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ पासूनची संस्था, मेक्सिकन चित्रकार डिएगो रिव्हेराने १९३१ मध्ये तिथल्या भिंतीवर म्युरल केलेलं, ती २०२२ मध्ये बंद पडली. फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली, बातमी आल्यापासून जेमतेम आठवड्यात, मुलांना दुसरीकडे धावाधाव करावी लागली. सगळ्या खासगी संस्था अशाच आहेत असं मी म्हणत नाहीये, पण चार वर्षांचे पैसे आणि चार वर्षं एका ठिकाणी टाकायच्या आधी त्या संस्थेची तब्येत बघायला काय हरकत आहे. रिव्हेराचंच १९४० चं अजून एक म्युरल, २२ फूट उंच आणि ७४ फूट लांब, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजच्या मालकीचं आहे, म्हणजे एका कम्युनिटी कॉलेजच्या. तिथले क्लास आजही चालू आहेत.

ट्रान्सफरचं, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून पुढे युनिव्हर्सिटीत जाण्याचं, थोडं नीट समजून घ्या कारण तिथे लोक फसतात. स्टुडिओ आर्ट्सची ट्रान्सफर डिग्री केली की कॅल स्टेट सिस्टिममध्ये (राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटींमध्ये) कुठेतरी जागा मिळण्याची हमी असते, पण हव्या त्याच कॅम्पसची नाही, आणि बीएफएला (कलेच्या बॅचलर्स डिग्रीला) बऱ्याच ठिकाणी पोर्टफोलिओ वेगळा द्यावा लागतो. शिवाय कॅल स्टेटमधले स्टुडिओ क्लास एकामागून एक असेच करायचे असतात, म्हणून ट्रान्सफरनंतर दोन वर्षांत संपेल असं धरू नका, तीन धरा. असिस्ट डॉट ऑर्ग ह्या वेबसाइटवर तुमच्या कॉलेजचा कुठला क्लास पुढे कशाच्या जागी धरला जातो ते आधी बघून मगच रजिस्टर करा, काउन्सेलरच्या तोंडी सांगण्यावर राहू नका, त्यांच्याकडे नर्सिंगपासून अकाउंटिंगपर्यंत सगळे येतात आणि आर्टचे बारकावे प्रत्येकाला माहीत असतातच असं नाही. आणि पुढे जायचंच नसेल तर सँटा मोनिका कॉलेजात इंटरॅक्शन डिझाइनची चार वर्षांची बॅचलर्स डिग्री २०१६ पासून आहे, शेवटच्या दोन वर्षांच्या युनिटला ८४ डॉलर जास्त पडतात, बस. हे आपल्या किती लोकांना माहीतच नसतं.

एच-फोरवर असाल तर शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही, आणि कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहून झालं, इथेच राहायचा इरादा दाखवणारी कागदपत्रं असली, की रेसिडेंटची फी लागू होऊ शकते. भाडेकरार, टॅक्स, ड्रायव्हिंग लायसन्स सगळं जपून ठेवा. त्याआधी सुरू केलंत तर युनिटमागे कितीतरी पट जास्त जातात, त्यामुळे जमत असेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत एखादाच क्लास घ्या.

मला विचाराल तर ज्याचं अजून ठरायचंय त्याने कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात करावी, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांचं ठरायचंच असतं, ते तसं बोलून दाखवत नाहीत इतकंच. पहिल्या टर्मला ड्रॉइंग, टू-डी आणि तिसरा असा एक क्लास घ्या ज्याला कधी हातच लावलेला नाही. स्टुडिओ क्लास तीन युनिटचा असला तरी आठवड्याचे सहा तास वर्गातच जातात आणि घरचं काम वेगळं, त्यामुळे चौथा घेऊ नका. केलेल्या कामाचे फोटो टर्म संपताच दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. आणि वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसाच, नाव नोंदवून न आलेल्यांना सर पुष्कळदा त्याच दिवशी काढून टाकतात आणि त्या जागेवर रजिस्टर करायला लागणारा अ‍ॅड कोड समोर बसलेल्याला मिळतो.