माळ्यावरच्या पीसीवर काय टाकायचं: रेड हॅट ९, डेबियन सार्ज, फ्रीबीएसडी ४.११ की हायकू?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून २००२-०३ सालचा पीसी खाली आला, धूळ झटकून लावला तर चक्क सुरू झाला, आणि आता तो भंगारवाल्याला द्यायचं जिवावर आलंय. अशा माणसासाठी हे लिहितो आहे. त्यावर विंडोजऐवजी त्याच काळातली एखादी मुक्त प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायची, जुन्या एमपीथ्री ऐकायच्या, मुंजीच्या आणि लग्नाच्या व्हीसीडी पाहायच्या, जमलं तर व्हीसीआरच्या कॅसेटी उतरवून घ्यायच्या. तुलना एवढ्या कामांपुरतीच आहे. बँकेचे व्यवहार वगैरे डोक्यातून काढून टाका. त्या काळच्या ब्राउझरला आजच्या बऱ्याच साइट उघडतच नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या केव्हाच थांबलेलं यंत्र इंटरनेटला जोडून ठेवूही नये.

निकाल आधी सांगतो: बहुतेकांनी डेबियन ३.१, म्हणजे सार्ज टाकावी. अपवाद कोणी करावा ते पुढे येईल. (रेड हॅट ९ आणि सार्ज या लिनक्स, फ्रीबीएसडी युनिक्सच्या घराण्यातली, हायकूचं मूळ पुढे सांगतो.) पण त्याआधी डब्याचं झाकण उघडा. आवाज येणार की नाही, चित्र अडखळणार की नाही, याचा फैसला निम्म्याहून अधिक आतल्या चिपवर होतो. मंडळी डेबियन की रेड हॅट यावर तासन्‌तास वाद घालतात आणि साउंडची चिप कोणती आहे हे शेवटी बघतात.

झाकण उघडल्यावर

मॉडेम दिसला तर काढून ठेवा. डायल-अपच्या दिवसांत स्वस्त पीसीत सर्रास मिळणारे आतले मॉडेम ‘विनमॉडेम’ असायचे. मॉडेमचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं, आणि ते सॉफ्टवेअर लिनक्ससाठी नसायचं. कोनेक्सांटच्या चिपसाठी लिनक्सांट नावाच्या कंपनीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) होता, पण फुकट घेतला तर वेग १४.४ केबीपीएसवर अडकायचा; पुढच्या वेगासाठी पैसे मोजा. हौसेनं लिनक्स टाकलेले कितीतरी लोक या एका कार्डामुळे विंडोजकडे परत गेले. आज त्याचा उपयोग शून्य.

नेटवर्क कार्ड बहुतेक रियलटेक ८१३९ निघेल. ते चारही प्रणालींत चालतं. फ्रीबीएसडीच्या ड्रायव्हरमध्ये लेखकानं त्या चिपच्या हलक्या दर्जावर भर टिप्पणीतच ताशेरे ओढले आहेत, तरी चालतं.

ग्राफिक्समध्ये इंटेलचं ऑनबोर्ड ८१० किंवा ८४५जी असेल तर बरं. एटीआयचं रेडिऑन ७००० ते ९२०० मधलं कार्ड असेल तर त्याहून बरं: त्यांचे मुक्त ड्रायव्हर त्या काळातही त्रिमिती चित्रासकट चालायचे. ९२०० ज्या घराण्यातलं, त्याच्या मुक्त ड्रायव्हरच्या कामाला अमेरिकेतल्या वेदर चॅनलनं पैसा पुरवला होता. हवामानाच्या वाहिनीनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर करवून घ्यावा, असे ते दिवस होते. एनव्हिडियाच्या कार्डाला मुक्त ड्रायव्हर फक्त द्विमितीपुरता. बाकी सगळं कंपनीच्या बंद ड्रायव्हरवर. तो लिनक्ससाठी होता आणि २००२ च्या अखेरीपासून फ्रीबीएसडीसाठीही.

व्हिडिओ बघायचा तर ‘एक्सव्ही’ हे एक नाव लक्षात ठेवा. चित्र मोठं करणं आणि त्याचे रंग बदलून पडद्यावर टाकणं, हे काम त्याच्यामुळे ग्राफिक्स कार्ड करतं. एक्सव्ही चालू असेल तर ७०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम ३ सुद्धा डीव्हीडी पूर्ण पडद्यावर दाखवतो. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र हप्त्याहप्त्यानं पुढे सरकतं. कुठल्याही कार्डावर चालणाऱ्या साध्या ‘वेसा’ ड्रायव्हरवर एक्सव्ही मिळत नाही. या बाबतीत रेड हॅट ९ आणि सार्ज यांच्यात फरक शोधू नका, दोन्हींत पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या एक्सफ्री८६ ची ४.३ आवृत्तीच आहे. ८४५जी वर पडदा ६४०×४८० वरच अडकला तर बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्ससाठी राखलेली मेमरी १ एमबीवरून ८ एमबी करा.

आवाज

खरा फरक इथे पडतो, म्हणून जरा थांबून.

मार्च २००३ मध्ये आलेल्या रेड हॅट ९ मध्ये २.४.२० कर्नल (प्रणालीचा गाभा) आहे आणि आवाजासाठी जुनी ओएसएस पद्धत. साध्या ऑनबोर्ड एसी९७ चिपवर तिची अडचण अशी की एका वेळी एकाच प्रोग्रामला आवाज मिळतो. गाणं चालू असताना दुसऱ्या खिडकीत व्हिडिओ लावला की तो एकतर मुका, नाहीतर गाणं संपेपर्यंत हटून बसलेला. यावर ग्नोम या डेस्कटॉपनं ‘ईएसडी’ आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपनं ‘आर्ट्‌स’ असे दोन मध्यस्थ बसवले. त्यांचं आपसात पटत नाही, आणि जे प्रोग्राम दोघांनाही मानत नाहीत ते तिसरीकडेच भांडण काढतात. एक्सएमएमएस या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘ईसाउंड’वर नेलं की रेड हॅटच्या ग्नोममध्ये निदान गाणी नीट चालतात.

सार्ज जून २००५ ची. तिचा इन्स्टॉलर सुरू होताना नुसतं एंटर दाबलं तर २.४ कर्नल बसतो. तसं करू नका. त्या पहिल्या पडद्यावर ‘लिनक्स२६’ असं इंग्रजीत टाइप करून मग एंटर दाबा; २.६.८ कर्नल बसेल आणि त्याच्यासोबत आवाजाची नवी पद्धत, अल्सा, येईल. अल्सात ‘डीमिक्स’ नावाची सोय आहे, ती चार प्रोग्रामचे आवाज एकत्र करते. सार्जमध्ये ती आपोआप चालू नसते, घरच्या फोल्डरमध्ये एक छोटी सेटिंग फाइल लिहावी लागते. काम तेवढंच.

फ्रीबीएसडी ४.११ जानेवारी २००५ ची, आणि आवाजाच्या बाबतीत तिला मी मनापासून मानतो. आवाजाची पद्धत तिथेही ओएसएससारखीच, पण कर्नलमध्येच आभासी चॅनल आहेत. एका सेटिंगनं चार चॅनल उघडले की चार प्रोग्राम एकाच वेळी बोलतात. मध्यस्थ नाही, भांडण नाही. लिनक्सवाले त्याच काळात ज्याच्यासाठी रडत होते ते इथे गुपचूप चालू होतं. मात्र आवाजाचं मॉड्यूल तुम्हीच लोड करायचं, आणि सीडी ड्राइव्हचा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घालता माल थेट मेमरीत नेण्याची सोय) सुद्धा हातानंच सुरू करायचा. नाहीतर डीव्हीडी अडखळते आणि लोक उगाच प्रोसेसरला दोष देतात. (डीएमएचं हे लचांड २.४ कर्नलच्या लिनक्सवरही येतं. तिथे ‘एचडीपार्म’ चालवून पाहा.)

हायकूचा संसारच निराळा. बीओएस ही मल्टिमीडियासाठीच घडवलेली प्रणाली. तिची कंपनी २००१ मध्ये पामला विकली गेली आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ती मुक्त स्वरूपात पुन्हा लिहायला घेतली. आधी नाव ओपनबीओएस, २००४ पासून हायकू. आवाज मिसळण्याचा प्रश्न तिच्या रचनेतच सुटलेला आहे. ऑडिओ सीडी घातली की गाणी सरळ फाइल म्हणून दिसतात, ओढून फोल्डरमध्ये टाकायची. बाकी तिघींच्या जुन्या, बंद झालेल्या आवृत्त्या आपण घेतल्या आहेत; आजही चालू असलेली ही एकटीच. पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. पण १२८ एमबी रॅमच्या पीसीवर तिच्या वाटेला जाऊ नका. माझ्या मते पेंटियम ४ आणि ५१२ एमबी रॅम हवीच. ग्राफिक्स कार्ड ओळखलं गेलं नाही तर वेसावर चालते, म्हणजे एक्सव्हीसारखी मदत नाही, आणि त्रिमितीला कार्डाचा आधार मिळत नाही.

चारही प्रणालींवर डोकेदुखी कमी करणारं एक कार्ड आहे: साउंड ब्लास्टर लाइव्ह. आवाज मिसळण्याचं काम त्याची ईएमयू१०के१ चिप स्वतःच करते, आणि क्रिएटिव्हनं तिचा लिनक्स ड्रायव्हर १९९९ मध्येच खुला केला. जुन्या बाजारात रविवारी चक्कर टाकलीत आणि हे कार्ड दिसलं, तर घासाघीस जरूर करा पण घेऊन या. घेताना चिपवरचं नाव वाचा. त्याच नावाखाली काही हलकी कार्डंही विकली गेली, त्यांत ही चिप नाही.

एमपीथ्री आणि व्हीसीडी

रेड हॅटनं आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून, पेटंटच्या भीतीनं एमपीथ्री काढून टाकलं. त्यामुळे रेड हॅट ९ मध्ये प्लेअर आहे पण गाणं वाजत नाही. प्लगइन बाहेरून आणून टाकावं लागतं, आणि आज ते शोधत बसावं लागतं. सार्जमध्ये एक्सएमएमएस टाकलं की एमपीथ्री वाजतं. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअरही तिच्याच भांडारात (पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्यात) आहे. एमप्लेअर हा दुसरा व्हिडिओ प्लेअर मात्र नाही, तो हवा असेल तर सोर्सवरून कंपाइल करा.

सार्जच्या बाजूनं सगळ्यात जड पारडं मात्र वेगळ्याच गोष्टीचं आहे: तिचं भांडार डेबियनच्या संग्रहात आजही जागेवर आहे आणि साध्या एचटीटीपीवरून उतरतं. तिचं ‘अ‍ॅप्ट’ हे पॅकेजं मागवणारं साधन डिजिटल सह्या तपासण्याच्या आधीच्या काळातलं, त्यामुळे मुदत संपलेल्या किल्ल्यांची कटकटही नाही. भांडाराचा पत्ता बदलायचा आणि हवं ते मागवायचं. तेवढ्यापुरती नेटवर्कची वायर लावा, मग काढा. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्‌समध्ये (सोर्स उतरवून प्रोग्राम बनवण्याच्या कृतींच्या संग्रहात) एमप्लेअरसकट सगळं होतं, पण पोर्ट्‌स मूळ सोर्स ज्या पत्त्यांवरून आणतं त्यातले बरेच आता मेलेले आहेत. सीडीवर जी तयार पॅकेजं आहेत त्यांच्यावर भागवायची तयारी हवी.

व्हीसीडीबद्दल एक गोष्ट माहीत नसली की हमखास गैरसमज होतो. लिनक्सवर व्हीसीडी माउंट केली (आतल्या फाइल दिसतील अशी जोडली), आतली ‘डॅट’ फाइल कॉपी करायला घेतली, की वाचताना चूक आल्याचा संदेश येतो. लोकांना वाटतं सीडी गेली. गेलेली नसते. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट असतात. व्हीसीडीचा व्हिडिओ २३२४ बाइटच्या सेक्टरमध्ये भरलेला असतो, आणि नेहमीची फाइल वाचायची पद्धत तिथे चालत नाही. माउंट न करता व्हीएलसीला थेट व्हीसीडी उघडायला सांगा. चित्र ३५२×२८८ चं, कुठलाही पेंटियम ते आरामात पेलतो. आणि पाहण्याआधी प्रत काढून ठेवा, वीस वर्षं जुन्या घरगुती सीडीचा भरवसा नाही. सार्जवरच्या व्हीसीडीइमेजरच्या संचात त्यासाठीच ‘व्हीसीडीएक्सरिप’ आहे. ते सरळ एमपेग फाइल करून देतं. हायकू वापरणार असाल तरी हे काम लिनक्सवर उरका आणि तयार फाइल तिकडे न्या.

अपवाद

रेड हॅट ९ कोणी टाकावी? ज्याला तो निळसर ‘ब्लूकर्व्ह’ डेस्कटॉपच पुन्हा पाहायचा आहे त्यानं. कॉलेजच्या लॅबमधली आठवण असेल तर मी कोण नाही म्हणणार! १२८ एमबीत ती कशीबशी उठते, १९२ असेल तर बरी चालते. तिची एक जमेची बाजू मात्र खरी आहे. ती मुळातच यूटीएफ-८ वर (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीवर) चालते, त्यामुळे देवनागरी नावांच्या फाइलचा गोंधळ कमी. सार्जमध्ये यूटीएफ-८ तुम्हाला निवडावं लागतं. एक्सएमएमएसमध्ये दोन्हीकडे देवनागरी नावांचा चुराडा होतो, कारण तो खिडक्या-बटणं काढणाऱ्या जुन्या जीटीकेवर लिहिलेला आहे. हायकूत जोडाक्षरं विस्कटतात. गाण्यांची नावं रोमनमध्ये ठेवा आणि मोकळे व्हा.

मँड्रेक ही आणखी एक लिनक्स आवडणारे विचारतील. केडीई हवा असेल आणि डिस्क हाताशी असतील तर जरूर टाका. मल्टिमीडियाचा बराचसा माल मात्र मूळ डिस्कमध्ये नसून ‘पीएलएफ’ या वेगळ्या भांडारात असायचा.

फ्रीबीएसडी त्याच्यासाठी, ज्याला सेटिंगच्या फाइल वाचण्यात आनंद आहे आणि ज्याच्याकडे यूपीएस आहे. यूपीएसचं मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि ४.११ ला अशी अचानक वीज गेल्यावर पुढच्या वेळी सुरू होताना मोठी डिस्क तपासत बसायची सवय आहे. रेड हॅट ९ आणि सार्ज एक्स्ट३ या फाइल सिस्टिमवर टाकल्या तर काही सेकंदांत उठतात, कारण ती बदलांची नोंदवही (जर्नल) ठेवते. हायकूची फाइल सिस्टिमही जर्नल ठेवते.

कशाचाच निर्णय होत नसेल तर त्या काळातल्या नॉपिक्सची सीडी लावून पाहा. डेबियनवर बेतलेली, डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणारी. तिनं आवाज आणि चित्र नीट दिलं तर सार्जही देईल असं धरून चालायला हरकत नाही.

कॅसेट उतरवायची असेल तर

केबलच्या काळातलं टीव्ही ट्यूनर कार्ड डब्यात असेल तर त्यावरची चिप बघा. बीटी८७८ असेल तर नशीब. लिनक्सचा ‘बीटीटीव्ही’ ड्रायव्हर आणि फ्रीबीएसडीचा ‘बीकेटीआर’ दोघेही तिला ओळखतात. मी या कामाला सार्जच वापरीन. आता त्यावर वाहिन्या दिसणार नाहीत, पण व्हीसीआरची पिवळी वायर लावायला कॉम्पोझिट इनपुट असतं. प्रोग्राममध्ये चॅनल न निवडता ते इनपुट आणि पाल ही आपल्याकडची टीव्ही चित्राची पद्धत निवडा. आवाज त्या कार्डातून घेण्याच्या भानगडीत न पडता व्हीसीआरमधून सरळ साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये न्या. त्यासाठी एका टोकाला लाल-पांढरी आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन एमएमची पिन असलेली वायर लागते. पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. मिक्सरमध्ये रेकॉर्डिंगचा स्रोत ‘लाइन’ केला आहे ना ते आधी पाहा, तो बहुतेक वेळा ‘माइक’वर असतो.