उसात नि द्राक्षबागेत रिसीव्हरला अँटेना कोणता?

कृष्णाकाठच्या उसात किंवा तासगावच्या द्राक्षबागेत ओलाव्याचे सेन्सर बसवले, की 866 मेगाहर्ट्झच्या लोरा (कमी विजेत दूरवर संदेश पोचवणारी रेडिओ पद्धत) रिसीव्हरसाठी तीन पर्याय समोर येतात. साधी उभी काडी, दोन अँटेना नि मध्ये स्विच, किंवा दिशा बदलणारा अँटेना. पल्ला नंतर बघा, आधी बॅटरीचा हिशेब मांडा. रिसीव्हरमधली एसएक्स1262 चिप ऐकताना साधारण 4.6 मिलिअँपिअर घेते, म्हणजे दिवसाला 110 मिलिअँपिअर-तास. 2600 मिलिअँपिअर-तासांचा सेल तीन आठवडे पुरतो.

साधी काडी म्हणजे 8.2 सेंटिमीटरची तार आणि खाली तेवढ्याच लांबीच्या चार तारा. खर्च नाममात्र. ऊस डोक्याच्या वर गेला, पानं भिजली, की सिग्नल पडतो. तेव्हा खांब उंच करा, पण रिसीव्हरचा डबा खांबाच्या टोकालाच ठेवा. आरजी174 ही अँटेनाची बारीक केबल मीटरमागे जवळपास 1 डेसिबल खाते. डबा खाली ठेवला तर सहा मीटरच्या खांबावर पाऊण ताकद केबलमध्येच जिरते.

बहुतेकांनी दोन अँटेना घ्यावेत, एक उभा आणि एक आडवा. मशागतीत सेन्सर कलतात, शिवाय मांडवाच्या तारा लहरी परतवतात, म्हणून एकटी उभी काडी चुकते. पीई4259 स्विच अवघे 9 मायक्रोअँपिअर घेतो आणि 0.35 डेसिबल गमावतो. अँटेनाच्या वाटेवर डीसी येत असेल तर तो अडवायला 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर हवाच. पॅकेट (सेन्सरचा एक संदेश) येत असताना दोन्ही अँटेना तपासायचे, तर 8 चिन्हांचा प्रिअँबल, म्हणजे संदेशाआधीची इशाऱ्याची खूण, अपुरा पडतो. तो 16 केला की एसएफ10 (लोराचा एक संथ वेग) ला प्रत्येक पॅकेट 65 मिलिसेकंदांनी लांबतं आणि भुर्दंड सेन्सरच्या बॅटरीवर पडतो. त्यापेक्षा प्रत्येक सेन्सरला ठरावीक वेळ द्या आणि त्याला कोणता अँटेना चालतो ते मेमरीत ठेवा.

दिशा बदलणाऱ्यात मधल्या काडीभोवती 8.6 सेंटिमीटरवर चार काड्या असतात, प्रत्येकीच्या बुडाशी पिन डायोड, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा रेडिओ स्विच. डायोड चालू झाला, की ती काडी जमिनीला जोडली जाते आणि लहर परतवते. बंद असला तर काडी जवळजवळ नसल्यासारखीच. पण चालू डायोडला साधारण 10 मिलिअँपिअर लागतात, म्हणजे रिसीव्हरच्या दुपटीहून जास्त! तीन आठवड्यांचा सेल आठवड्यात संपतो. डायोडऐवजी व्हॅरेक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) लावला तर तो करंट जवळजवळ घेत नाही, पण त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते देणाऱ्या बूस्ट सर्किटचा गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो. बायसच्या (डायोडला वीज देणाऱ्या) तारेत 100 नॅनोहेन्रीचा चोक, म्हणजे रेडिओ लहर अडवणारी कॉइल, विसरला, तर ती तारच अँटेना होऊन बसते.

शेजारच्या शेतातला ट्रान्समीटर एकाच बाजूने त्रास देत असेल, तरच हा तिसरा पर्याय घ्या. शेतीची वीज दिवसभर नसते, म्हणून मोठा सेल आणि पावसाळ्यातल्या ढगांना पुरेल असं सोलर पॅनेल आधी बसवा.