तळं, खाडी की नदी? पक्ष्यांसाठी दोन दिवस काढायचे तर घर कुठल्या पाण्यावर घ्यावं

वसंतातला शनिवार-रविवार पाण्याकाठच्या घरात काढायचा, पक्षी बघायचे, नशीब असेल तर पाणमांजरही, असा बेत ठरला की गाडी घराच्या निवडीपाशी अडते. जाहिरातीत प्रत्येक घर 'थेट पाण्यावर' असतं आणि प्रत्येकाच्या फोटोत सूर्यास्त असतो. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. समोरचं पाणी तळ्याचं आहे, खाडीचं की नदीचं, हे आधी विचारा. पक्षी तुमच्या नजरेच्या टप्प्यात कधी येणार हे ते पाणी ठरवतं, आणि तुमच्या हातात दोनच दिवस असतात.

तळं सगळ्यात भरवशाचं. पाणी जागच्या जागी असतं, त्यामुळे पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळ सांभाळली की सहसा निराशा होत नाही. वसंतात जोड्या जमतात, घरट्यांची लगबग सुरू होते. ग्रेट क्रेस्टेड ग्रीब हा तुरेवाला, बुड्या मारणारा पाणपक्षी असलेलं तळं मिळत असेल तर मी तरी दुसरीकडे बघणार नाही. नर-मादी दिसायला सारखेच. दोघं समोरासमोर येतात, तुरे फुलवून माना हलवत राहतात. मग दोघंही बुडी मारतात, चोचीत पाणवनस्पतीचा झुबका धरून वर येतात, एकमेकांकडे झेपावतात आणि भराभर पाय मारत, छातीला छाती भिडवून पाण्यावर जवळजवळ उभे राहतात. डोळ्याला दुर्बीण लावेपर्यंत खेळ खलास होतो, म्हणून माना हलायला लागल्या की नजर हटवायची नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९१४ साली याच प्रणयनृत्यावर निबंध लिहिला आणि प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात त्याला मानाचं स्थान मिळालं.

तळ्याची एक मेख आहे: इंजिनाच्या होड्या. सुट्टीच्या दिवशी त्या सुरू असतील तर सकाळी दहानंतर पक्षी लव्हाळ्यात दडी मारतात. धरणाचा जलाशय असेल तर पाणी किती खाली गेलंय हेही विचारा, नाहीतर फोटोतलं 'पाण्यावरचं' घर प्रत्यक्षात चिखलाच्या रुंद पट्ट्यापलीकडे निघतं. ढग आणि गारठा असला तर मात्र कुरकुर नको. कीटक खाली उतरतात, त्यांच्यामागे भिंगऱ्या अगदी पाण्याला घासून उडतात.

खाडीचं गणित वेगळं. तिथे घड्याळ सूर्याचं नाही, चंद्राचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, कुरल दूरवर पांगतात. खिडकीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की तेच थवे काठाकडे ढकलले जातात. भरतीच्या आधीचे दोन तास म्हणजे खरी मेजवानी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. शनिवारी सकाळी आठला भरती असेल तर रविवारी नऊच्या आसपास; दोन्ही सकाळी सोन्यासारख्या. भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येत असेल तर पहाटे उठून रिकामा चिखल बघायची तयारी ठेवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं, पक्षी जवळ येतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो आणि पक्षी लांबच थांबतात. म्हणून आधी भरतीचं कोष्टक, मग बुकिंग. वेळ जुळत असेल तर खाडी तळ्याला सहज मागे टाकते. जुळत नसेल तर तळंच घ्या.

खाडीवर एक पथ्य पाळावं लागतं. भरतीला दाटीवाटीने बसलेला थवा फोटोसाठी उडवायचा नाही. २०२२ साली बार-टेल्ड गॉडविट या चिखलात चरणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्याच्या एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया असं १३,५६० किलोमीटरचं अंतर न थांबता ११ दिवसांत कापल्याची नोंद आहे. ते शरदातलं स्थलांतर. वसंतात याच जातीचे पक्षी उलट वाटेने जाताना चिखलाटांवर उतरून चरबी साठवतात. ती चरबीच त्यांचं इंधन. उगाच उडवलं की ती खर्च होते.

नदी चिकाटीवाल्यांसाठी. पक्ष्यांची संख्या कमी, पण गाठी जवळून पडतात. काठावरच्या उभ्या मातीत भोक आणि त्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर खंड्याचं बीळ असण्याची शक्यता मोठी. लांबच बसा, तो येतोच. पाणमांजराची इच्छा असेल तर नदीच बघा, फक्त हमी मागू नका. ओल्या वाळूत पाच बोटांचे ठसे आणि दगडावर माशांचे काटे असलेली विष्ठा सापडली तरी दिवस सार्थकी लागला समजा.

घराचं तोंड कुठे, हा प्रश्न तिन्हींना लागू. पाणी पश्चिमेला असेल तर सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी येतं आणि रंग उठून दिसतात. पूर्वेला असेल तर सकाळभर नुसत्या काळ्या आकृत्या. सूर्यास्ताच्या फोटोचा एवढा तरी उपयोग होतो: घर पश्चिमाभिमुख आहे हे कळतं.

तळं आणि नदी ८×४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीवर निभावते. खाडीला स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकडोळी दुर्बीण) आणि तिवई हवीच, नसेल तर खाडीचा हट्ट सोडा.

'इथे खूप पक्षी येतात' हे घरमालकाचं वाक्य बऱ्याचदा हिवाळ्याबद्दल असतं. वसंत सरत आला की हिवाळी पाहुणे गेलेले असतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या भागाचा आठवडावार आलेख बघितला की तुमच्या तारखांना कोण असतं ते कळतं. कुत्रा बरोबर नेणार असाल तर खाडी वगळाच; वाळू-गोट्यांत उघड्यावर घरटी करणारे पक्षी याच दिवसांत अंड्यांवर बसलेले असतात.